भिंतीच्या आत किती वेळ?

बोलायला सुरुवात करण्याआधी एक विनंती आहे. हाताशी काचेचा पेला असेल तर तो पाण्याने भरून घ्या. स्टीलचा चालणार नाही, काचेचाच हवा. बोटं किंचित ओली करा, पेला बाहेरून धरा आणि वरून, पाण्यातून तिरकं आत बघत, पेल्याच्या बाजूकडे नजर लावा. बाजूची काच चांदीचा मुलामा दिल्यासारखी चमकताना दिसेल. पलीकडे तुमचीच बोटं आहेत, पण ती दिसत नाहीत. आता पेला बोटांनी जरा घट्ट दाबा. त्या चंदेरी भिंतीवर तुमच्या बोटांचे ठसे उमटतील, रेघ न् रेघ मोजता येईल इतके स्पष्ट.

पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत जाऊ पाहणारा प्रकाश फार तिरका असला की बाहेर पडूच शकत नाही. सगळाच्या सगळा आत परततो. शाळेत आपण याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणायचो. पण परत फिरण्याआधी प्रकाशाची लहर काचेबाहेर थोडी डोकावते. फार नाही, स्वतःच्या तरंगलांबीच्या आतबाहेर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा नाही. तिथे काही भेटलं नाही तर ती मागे येते. तेवढ्या अंतरात दुसरी वस्तू आली तर मात्र लहर ती फट ओलांडते आणि पलीकडे निघून जाते. बोटांवरच्या रेघांचे उंचवटे काचेच्या इतके जवळ येतात, म्हणून तिथला प्रकाश बोटात शिरतो आणि तेवढी जागा काळपट दिसते. रेघांमधल्या खोलगट भागात अंतर जास्त असतं, तिथली चांदी तशीच राहते.

जिथे लहरीला जागा नाही अशा पट्ट्यातून ती पलीकडे जाते, या घटनेला भौतिकशास्त्रात टनेलिंग म्हणतात, बोगद्यातून जाणं. खरा बोगदा कुठेच खणलेला नसतो. आज मला एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे: ती फट ओलांडायला लहरीला वेळ किती लागतो?

न्यूटनने लोलक आणि भिंग एकमेकांना टेकवून ही प्रकाशाची गळती पाहिली होती. तिचं नीट मोजमाप करणाऱ्यांमध्ये आपले जगदीशचंद्र बोस आहेत, आणि रेडिओवर बोलताना त्यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी मिलिमीटर-सेंटिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी तयार केल्या. आत्ता माझा आवाज तुमच्या घरात आणणाऱ्या लहरी त्याच कुळातल्या. काचेचे दोन लोलक समोरासमोर ठेवायचे, मधली हवेची फट कमी-जास्त करायची आणि पलीकडे किती लहर पोहोचते ते पाहायचं. १८९७ साली हे काम लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलं. लहर लांब असली की फटही मोठी चालते, त्यामुळे प्रकाशाच्या बाबतीत डोळ्यांआड घडणारी गोष्ट बोसांच्या टेबलावर हाताने मोजता येण्याजोगी झाली. किती लहर ओलांडते, हे त्यांनी मोजलं. किती वेळात ओलांडते, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात नव्हता.

तो पुढे आला कणांमुळे. १९२० च्या दशकात कळलं की इलेक्ट्रॉनसारखा कणही लहरीसारखा वागतो. मग लहरीचं हे डोकावणं त्याच्याही वाट्याला येणारच. १९२८ साली जॉर्ज गॅमो यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी आणि एडवर्ड काँडन यांनी, याच आधारावर किरणोत्सर्गाचं एक कोडं सोडवलं. अणुकेंद्रकात अडकलेल्या अल्फा कणापुढे ऊर्जेची एक भिंत असते. ती चढून जाण्याइतकी ऊर्जा त्याच्यापाशी नसते, तरी तो कधी ना कधी बाहेर सापडतो. त्याने भिंत ओलांडलेली नसते, तो भिंतीतून आलेला असतो.

इथे एक गोष्ट अगदी स्वच्छ करून घेतली पाहिजे, कारण याच जागी शिकलेल्या माणसांचाही घोटाळा होतो. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं. याच थोरियमच्या वंशावळीत खूप पुढे पोलोनियम-२१२ येतो, त्याचं अर्धायुष्य सेकंदाच्या दशलक्षांशाचाही तिसरा हिस्सा. दोघांच्या अल्फा कणांच्या ऊर्जेत फरक जेमतेम दुपटीचा, आणि अर्धायुष्यांत एकावर चोवीस शून्यं इतक्या पटींचा. भिंतीची पातळ होत जाणारी कड किती निर्णायक असते, ते यावरून कळतं. पण ही १,४०० कोटी वर्षं म्हणजे टनेलिंगला लागणारा वेळ नव्हे. ती वाट बघण्याची वर्षं आहेत. गॅमोंच्या चित्रात कण आत सतत भिंतीवर आदळत असतो, सेकंदाला एकावर एकवीस शून्यं इतक्या वेळा, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी परत येतो. एक दिवस तो निसटतो. त्या निसटण्याच्या क्षणी, भिंतीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, त्याला किती वेळ लागला? एस.टी.ची तासभर वाट बघितली म्हणून प्रवास तासाचा झाला असं आपण म्हणत नाही. आपला प्रश्न प्रवासाचा आहे.

टनेलिंग ही प्रयोगशाळेपुरती राहिलेली गोष्ट नाही. सूर्याच्या गाभ्यात प्रोटॉन एकमेकांत मिसळतात ते यामुळे. तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये फाइल साठते तेव्हा दहा नॅनोमीटरच्या आतबाहेर जाडीच्या थरातून इलेक्ट्रॉन आरपार जातात ते यामुळेच. २०२५ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं ते हाताळता येईल एवढ्या विद्युतमंडलात टनेलिंग दाखवल्याबद्दल. इतकं सगळं वापरात असताना प्रवासाचा वेळ काढणं कठीण का जावं?

कोकण रेल्वेने गेलेल्यांना रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा आठवत असेल, साधारण साडेसहा किलोमीटरचा. गाडीला त्यात किती वेळ लागला हे काढायला दोन माणसं पुरेत. एक या तोंडाशी, एक त्या तोंडाशी, दोघांची घड्याळं जुळवलेली. इंजिन आत गेलं, वेळ लिहा. इंजिन बाहेर आलं, वेळ लिहा. वजाबाकी करा. कणाच्या बाबतीत हे जमत नाही, कारण पहिल्या तोंडाशी त्याला पाहणं म्हणजे त्याला धक्का देणं. त्या धक्क्याने त्याची ऊर्जा बदलते आणि ज्याचा वेळ मोजायचा तो प्रवासच बदलून जातो. शिवाय पुंजयांत्रिकीत स्थान, वेग, ऊर्जा या राशींना जसं मोजमापाचं गणिती रूप आहे, तसं वेळेला नाही. वेळ बाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळात चालत असते. कण तिच्याबद्दल स्वतःहून काही सांगत नाही.

आणखी एक अडचण आहे, ती मला सगळ्यांत गोड वाटते. कणाची लहर म्हणजे एक टोक असलेली वस्तू नव्हे, तो लांबट पुंजका असतो. लग्नाची वरात कार्यालयाशी कधी पोहोचली, असं विचारलं तर काय सांगाल? बँडवाले कोपऱ्यावर दिसले तेव्हा? की नवरदेवाचा घोडा मांडवाशी आला तेव्हा? दोन्हींत अर्धा तास सहज जातो. भौतिकशास्त्रज्ञांनी ठरवलं, पुंजक्याचं शिखर, म्हणजे जिथे लहर सर्वांत दाट आहे ती जागा, पोहोचली की पुंजका पोहोचला. सोयीची गोष्ट होती, आणि तिनेच पुढे मोठा गोंधळ घातला.

१९३२ मध्ये मॅकॉल यांनी हे गणित करून पाहिलं आणि त्यांना आढळलं की भिंतीतून येणाऱ्या शिखराला जाणवण्याइतका उशीर होतच नाही. पुढे यूजीन विग्नर यांनी लहरीच्या कलेवरून, म्हणजे ती चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यावरून, उशीर काढण्याची पद्धत पक्की केली. १९६२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या थॉमस हार्टमन यांनी ती भिंतीला लावली आणि विचित्र निष्कर्ष निघाला. भिंत जाड करत जा, पलीकडे पोहोचणाऱ्या कणांची संख्या झपाट्याने घटते, पण लागणारा वेळ एका मर्यादेनंतर वाढतच नाही. भिंत दुप्पट करा, वेळ तेवढाच. दसपट करा, तरी तेवढाच. भिंत पुरेशी जाड केली तर कण प्रकाशापेक्षा वेगाने गेला, असं म्हणण्याची पाळी येते.

कागदावरची ही गोष्ट १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात, बर्कलीला प्रयोगात उतरली. एफ्रेम स्टाइनबर्ग, पॉल क्वियाट आणि रेमंड चियाओ यांनी एका स्फटिकातून एकाच क्षणी जन्मलेले जुळे फोटॉन घेतले. एकाला मोकळ्या वाटेने सोडलं. दुसऱ्याच्या वाटेत एक आरसा ठेवला, पातळ थरांचा, १.१ मायक्रॉन जाडीचा, शंभरात एखादाच फोटॉन पलीकडे जाऊ देणारा. दोघं शेवटी एका अर्धपारदर्शक आरशावर भेटतात. अगदी एकाच वेळी आले तर ते तिथून जोडीनेच, एकाच बाजूला बाहेर पडतात, आणि या खुणेवरून वेळेतला इतका बारीक फरक कळतो की कोणत्याही विजेच्या घड्याळाची तिथे मजल जात नाही. उत्तर आलं: आरशातून आलेला फोटॉन सरासरी १.४७ फेम्टोसेकंद आधी पोहोचतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश. आरशाच्या जाडीएवढं अंतर त्याने प्रकाशाच्या १.७ पट वेगाने कापल्यासारखं दिसत होतं.

त्याच सुमाराला जर्मनीत कोलोनला गुंटर निम्ट्झ यांनी सूक्ष्मलहरींवर मोझार्टची ४० वी सिंफनी चढवून ती टनेलिंगने पलीकडे पाठवली आणि संगीत प्रकाशाच्या ४.७ पट वेगाने गेल्याचं सांगितलं. आइनस्टाइन खोटा ठरला का, अशी चर्चा पेटली.

आइनस्टाइन खोटा ठरला नाही. आपल्या वरातीकडे परत चला. समजा वाटेत एक फाटक आहे, ते फक्त पुढच्या वीस जणांना आत घेतं आणि बाकी सगळी वरात मागे लावतं. कार्यालयाशी वीसच माणसं पोहोचली. त्या विसांचा मधला माणूस मूळ वरातीच्या मधल्या माणसापेक्षा आधी येणारच. कुणीही पळालं नाही, मुळात जी पुढे होती तीच पोहोचली. टनेलिंगमध्ये अगदी असंच फाटक नसतं, लहरीचा आकारच नव्याने घडतो, पण मर्म हेच की बाहेर आलेलं शिखर हे आत गेलेल्या शिखराचं लेकरू नव्हे. खरा संदेश पुंजक्याच्या अगदी पुढच्या टोकाशी असतो, आणि ते टोक कोणत्याही माध्यमात प्रकाशाला मागे टाकू शकत नाही, हे सोमरफेल्ड आणि ब्रिलवाँ यांनी १९१४ मध्येच दाखवून ठेवलं होतं. मोझार्टचा हिशोब करून बघा. निम्ट्झ यांचा अडथळा ११.४ सेंटिमीटरचा. तेवढ्या अंतरात प्रकाशापेक्षा जी आघाडी मिळाली ती सेकंदाच्या अब्जांशाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. व्हायोलिनचा एक स्वर त्याच्या कोट्यवधी पट लांब असतो. त्या स्वराचा पुढचा भाग आधीच पोहोचलेला असतो. मिशिगनचे हर्बर्ट विनफुल तर म्हणतात की हार्टमन यांचा वेळ हा प्रवासाचा वेळच नव्हे, भिंतीत साठलेली ऊर्जा रिकामी व्हायला लागणारा तो वेळ आहे. मला हे म्हणणं पटतं. शिखराच्या मागे धावून आपण चुकीच्या गोष्टीवर घड्याळ लावलं होतं.

मग घड्याळ कुठे लावायचं? कणाच्याच अंगावर. ही कल्पना १९६६-६७ मध्ये बाझ आणि रिबाचेंको या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मांडली, आणि मला ती अतिशय सुंदर वाटते. लहानपणी भोवरा फिरवलेल्यांना आठवत असेल, तो जरा कलला की पडत नाही, त्याचा आस हळूहळू गोल गोल फिरू लागतो. अणूलाही अशीच एक अंगभूत फिरकी असते, आणि तो चुंबकीय क्षेत्रात आला की तिची दिशा ठरलेल्या गतीने वळत जाते. या वळण्याला लार्मर या भौतिकशास्त्रज्ञांचं नाव आहे. आता चुंबकीय क्षेत्र फक्त भिंतीच्या आतच ठेवा, बाहेर कुठेही नको. अणू आत शिरला की काटा चालू, बाहेर पडला की बंद. पलीकडे पोहोचलेल्या अणूची फिरकी किती अंशांनी वळली ते मोजा, म्हणजे तो भिंतीत किती वेळ होता ते कळेल. दाराशी कुणाला उभं करायची गरज नाही. १९८३ मध्ये मार्कुस ब्यूटिकर यांनी यातली मेख दाखवली. फिरकी नुसती वळत नाही, ती क्षेत्राच्या दिशेने थोडी झुकतेही, कारण त्या दिशेची फिरकी असलेल्या अणूंना भिंत जराशी कमी उंच वाटते आणि ते जास्त संख्येने पार होतात. म्हणजे घड्याळ स्वतःच प्रवासाला किंचित हात लावतं. वळण आणि झुकाव, दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात.

कल्पनेला प्रत्यक्षात यायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. बर्कलीचे तेच स्टाइनबर्ग, आता टोरांटो विद्यापीठात, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०२० मध्ये ते केलं. रुबिडियमचे काही हजार अणू निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही अब्जांशांपर्यंत थंड केले. इतक्या थंडीत अणू सेकंदाला काही मिलिमीटर सरकतो, मुंगीपेक्षाही हळू, आणि त्याची लहर ताणून मोठी होते. समोर लेझर किरणाची भिंत उभी केली, १.३ मायक्रॉन जाडीची. चुंबकीय क्षेत्राचं काम करणारे आणखी लेझर फक्त त्या भिंतीतच रोखले. बहुतेक अणू परतले. जे पलीकडे निघाले त्यांच्या फिरकीचं वळण मोजलं. उत्तर: ०.६१ मिलिसेकंद.

श्रोतेहो, या आकड्याशी क्षणभर थांबूया. फेम्टोसेकंद नाही, जवळजवळ दोन तृतीयांश मिलिसेकंद. डासाचा पंख एकदा वर-खाली व्हायला लागतो त्याच मापातला काळ. एक अणू भिंतीच्या आत, जिथे जुन्या भौतिकशास्त्राने त्याला उभंही राहू दिलं नसतं अशा जागी, एवढा वेळ होता. आणि लगेच पुढच्या कामात, २०२१ मध्ये, याच गटाने आणखी बारकाईने मोजलं तेव्हा दिसलं की कमी ऊर्जेचे अणू भिंतीत कमी वेळ असतात. भिंतीच्या माथ्याइतकी ऊर्जा असलेल्या अणूंपेक्षा हळू आलेले अणू ०.११ मिलिसेकंद लवकर बाहेर. रस्त्यावर आपला अनुभव नेमका उलटा असतो. गणित हे कित्येक वर्षं सांगत होतं, अणूंनी ते आता स्वतः सांगितलं.

दुसरं एक घड्याळ त्याआधीच झुरिकला तयार झालं होतं. उर्सुला केलर यांच्या प्रयोगशाळेने त्याला अॅटोक्लॉक म्हटलं. अॅटोसेकंद म्हणजे फेम्टोसेकंदाचाही हजारावा भाग. लेझरचं विद्युत क्षेत्र वर्तुळात फिरत ठेवायचं. एक फेरी अडीच फेम्टोसेकंदांच्या आसपास, म्हणजे काटा एक अंश सरकायला सुमारे ७ अॅटोसेकंद. हे क्षेत्र अणूतल्या इलेक्ट्रॉनपुढची भिंत एका बाजूने पातळ करतं, इलेक्ट्रॉन निसटतो आणि त्या क्षणी काटा जिकडे रोखलेला असेल त्यानुसार एका दिशेला फेकला जातो. ही दिशा अपेक्षेपेक्षा किती सरकलेली आहे ते बघायचं. हेलियमवरच्या मोजणीत काहींना शून्याहून जास्त वेळ दिसला, काहींना नाही, आणि वाद रंगला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या गटाने हायड्रोजन घेतला, कारण त्यात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याचं गणित पूर्ण मांडता येतं. त्यांनी सांगितलं, वेळ लागत असेलच तर १.८ अॅटोसेकंदांहून जास्त नाही.

एकीकडे ०.६१ मिलिसेकंद, दुसरीकडे जवळजवळ शून्य. अणू आणि इलेक्ट्रॉन वेगळे, भिंती वेगळ्या, त्यामुळे आकडे वेगळे असणारच, पण वाद आकड्यांच्या पलीकडचा होता. टनेलिंग क्षणात होतं, असे मथळे तेव्हा आले आणि अजून येतात. मला ते बरोबर वाटत नाहीत. अॅटोक्लॉक विचारतं, इलेक्ट्रॉन भिंतीबाहेर दिसायला काही उशीर झाला का? लार्मर यांचं घड्याळ विचारतं, तो भिंतीच्या आत किती वेळ होता? गाडीच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असतं, म्हणून ते दोन आहेत हे आपल्या ध्यानातच येत नाही. लहरीच्या बाबतीत ती उत्तरं फारकत घेतात. तुमच्याआमच्यासारखा माणूस जेव्हा विचारतो, ‘त्याला किती वेळ लागला?’ तेव्हा मला वाटतं त्याच्या मनात दुसरा प्रश्न असतो. म्हणून टोरांटोचं उत्तर मला जास्त जवळचं.

आणि त्या उत्तराच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. ०.६१ मिलिसेकंद भिंतीत गेले, पण भिंतीत नेमके कुठे? स्टाइनबर्ग यांनी १९९५ मध्येच गणित करून दाखवलं होतं की पलीकडे पोहोचलेला कण आत शिरताना पहिल्या कडेजवळ वेळ काढतो, बाहेर पडताना शेवटच्या कडेजवळ तेवढाच, आणि मधल्या भागात जवळजवळ नाही. हे तपासायचं तर फिरकी वळवणारं क्षेत्र सगळ्या भिंतीभर पसरून भागणार नाही. ते भिंतीच्या एका पातळ कापात धरायचं, हळूहळू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत न्यायचं आणि प्रत्येक ठिकाणी पार झालेल्या अणूंना विचारायचं, तुमचा भोवरा इथे किती वळला. काप बरोबर मधोमध आला की काटा हलता कामा नये, असं गणित म्हणतं. म्हणजे अणू या कडेला होता, त्या कडेला होता, आणि मधून जणू गेलाच नाही.

पेला अजून हातात असेल तर ओल्या बोटाने पुन्हा एकदा दाबून बघा.